किल्ल्याखालचं गाव राहिलंच

मा. संपादक, स. न.

रविवार पुरवणीतला रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई किल्ल्यावरचा लेख वाचला. तट, बुरूज, दीपगृह सगळं आलं. पायथ्याचं गाव मात्र गाळलंत! कुंडलिका नदीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला समुद्रात घुसलेला हा डोंगर, म्हणजे पोर्तुगीजांचं सरहद्दीवरचं नाकं. १५९४ मध्ये त्यांनी तो निजामशाहीकडून घेतला, १७४० मध्ये तहाने मराठ्यांना दिला. फौज गेली, ख्रिस्ती वस्ती राहिली. पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली तिची बोली आजही घरात चालते. कोर्लईच्या गाडीवर वाहक होतो, म्हणून ठाऊक. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका त्या बोलीत कडाकडा भांडतात. गिऱ्हाईक दिसलं की भाव मराठीत, तोही चढा! पुढच्या खेपेला छायाचित्रकाराला चर्चकडच्या आळीतही पाठवा.

— एक निवृत्त एसटी वाहक, रेवदंडा