आन्ना मान्यानीचं काम मुलांना दाखवताना

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या शिबिरात मुलांना इटालियन नटी आन्ना मान्यानी दाखवायचं ठरवलंस, फार बरं केलंस. फक्त तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलोय : ‘ती अभिनय करतच नाही, ती मुळात तशीच आहे.’ हे मुलांना सांगू नकोस. तिच्याबद्दल हेच इतकी वर्षं बोललं गेलं आणि त्या नादात तिच्या कामाकडे नीट बघायचं राहून गेलं. विस्कटलेले केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, खर्जातला आवाज एवढं दिसलं की लोकांना वाटतं, रोमच्या मंडईतली एखादी बाई आणून कॅमेऱ्यापुढे उभी केली. पण मान्यानी नाट्यशाळेत शिकलेली होती आणि त्यानंतर कितीतरी वर्षं रंगमंचावर घासली गेली होती.

तिचा जन्म रोमचा, 7 मार्च 1908. वडील कोण ते तिला लहानपणी ठाऊक नव्हतं. आई तिला आजीच्या पदरात टाकून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला निघून गेली. रोममधल्या, थोर नटी एलेओनोरा दूझे यांच्या नावाच्या नाट्यशाळेत ती शिकली, नाटक मंडळींत बारीकसारीक भूमिका केल्या आणि मग ‘रिविस्ता’त आली. रिविस्ता म्हणजे गाणी, नकला आणि छोटी प्रहसनं यांचा खेळ. 1940 पासून तोतो या मोठ्या विनोदी नटाबरोबर तिची जोडी जमली. या खेळात पाच मिनिटांत माणूस उभा करावा लागतो, हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकावं लागतं, आणि समोरून कुणी काही ओरडलंच तर तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. तिची वेळेची जाण इथे तयार झाली. पुढे शोकांत भूमिकांत ती जे करते त्याचा पाया विनोदाचा आहे. मुलांना पहिल्याच दिवशी हे सांग.

सिनेमात ती 1934 पासून होती, पण बहुतेक भूमिका गायिकेच्या किंवा भांडकुदळ बाईच्या. दिग्दर्शक व्हिस्कोन्तीच्या ‘ओस्सेसिओने’त तिला नायिकेची भूमिका मिळत होती, पण मान्यानी गरोदर असल्यामुळे ती भूमिका क्लारा कालामाईकडे गेली. मुलगा लुका 1942 मध्ये झाला, तान्हा असतानाच त्याला पोलिओ झाला. त्याने आडनाव आईचंच लावलं.

पहिल्या दिवशी ‘रोम, ओपन सिटी’ लाव. रोम 4 जून 1944 ला जर्मनांच्या ताब्यातून मोकळं झालं आणि जानेवारी 1945 मध्ये दिग्दर्शक रोसेलिनीने चित्रण सुरू केलं, तेव्हा उत्तर इटलीत लढाई चालूच होती. चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासित राहत होते, म्हणून वापरात नसलेल्या एका हॉलमध्ये सेट लावले. तिने केलेली गरोदर पीना पहिल्यांदा दिसते ती बेकरीवर बायकांनी हल्ला केल्यावर, पाव घेऊन निघालेली. ही पहिली दहा मिनिटं मुलांनी नीट बघायला हवीत. पाव, पोट, थकवा, ओळखीच्या पोलिसाशी बोलणं, सगळं एकाच वेळी चालू आहे आणि एकही हालचाल फुकट नाही.

मग तो धावण्याचा प्रसंग. नवरदेव फ्रान्चेस्कोला जर्मन ट्रकमध्ये कोंबतात, ती शिपायांचं कडं तोडून नाव घेत मागे धावते आणि गोळी लागून पडते. पीनामागे खरी बाई आहे : तेरेसा गुल्लाचे. गरोदर असताना 3 मार्च 1944 ला रोममध्ये जर्मन सैनिकाने तिला गोळी घातली. या प्रसंगाच्या जरा आधी पाद्री एका म्हाताऱ्याला गप्प करायला तव्याने डोक्यात हाणतो, आणि प्रेक्षक हसत असतानाच हे घडतं. क्लिप तिथपासून लाव. नुसतं धावणं दाखवलंस तर त्याचा अर्धा जोर जातो.

आता ‘ती तशीच आहे’वरचं माझं उत्तर. या चित्रपटाचं चित्रण जवळजवळ सगळं आवाजाविना झालं; जागेवर आवाज घेण्याची सोय नव्हती आणि पैसेही नव्हते. म्हणजे ती किंकाळी तिने रस्त्यावर एकदा फोडली आणि पुढे अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत, पुन्हा फोडली. धाप, पावलांचा ताल, नाव तुटण्याची जागा हे सगळं स्थिर उभं राहून परत आणलं. मुलांकडून हे करून घे. क्लिप आधी आवाजासकट, मग आवाज बंद करून आणि मग मुलांनी स्वतः आवाज देऊन. बहुतेक जण पहिल्या हाकेलाच सगळा श्वास संपवतील आणि तिसऱ्या हाकेला काही उरणार नाही. ती श्वास राखून ठेवते; पुढची हाक जास्त वरच्या पट्टीत लागते ती म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी व्हिस्कोन्तीचा ‘बेलिस्सिमा’, 1951 चा. शिबिरासाठी एकच चित्रपट निवडायचा असता तर मी हाच सांगितला असता. मद्दालेना घरोघर इंजेक्शनं देत फिरते, आणि लहान मुलीला सिनेमात घालण्यासाठी मरमर मरते. एक भामटा ओळखीच्या नावाखाली तिच्याकडून 50,000 लिरा उकळतो आणि स्वतःसाठी लाम्ब्रेत्ता स्कूटर घेतो. दोन जागा लक्षात ठेव. एक, आरशापुढे केस विंचरता विंचरता अभिनय म्हणजे नेमकं काय यावर ती बोलते तो भाग. एक मुरलेली नटी, अभिनय न येणाऱ्या बाईच्या तोंडून, अभिनयावर बोलते आहे. दुसरी, मुलीची चाचणी पडद्यावर चालू असताना प्रोजेक्शनच्या खोलीतून ती खाली बघते. मुलगी रडते, खाली मंडळी हसतात. मान्यानीला तिथे शब्द जवळजवळ नाहीत. चेहऱ्यावरचं कौतुक कुठल्या क्षणी विझतं, ते मुलांना बोट दाखवून सांगू दे. त्यांच्यात वाद होईल, होऊ दे.

या चित्रपटाच्या शेवटी बाहेर उघड्यावर चाललेल्या सिनेमाच्या पडद्यावरून अमेरिकन नट बर्ट लँकेस्टरचा आवाज येतो आणि मद्दालेनाला तो गोड वाटतो. चार वर्षांनी ती खरंच त्याच्यासमोर उभी राहिली, ‘द रोझ टॅटू’त. तो चित्रपट ज्या नाटकावरून झाला ते नाटककार टेनेसी विल्यम्सने तिलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं, पण इंग्रजी पुरेसं येत नाही म्हणून 1951 मध्ये तिने ब्रॉडवेला नकार दिला. तिथे मॉरीन स्टेपल्टनने भूमिका केली. चित्रपटासाठी मात्र ती तयार झाली. 21 मार्च 1956 ला ऑस्कर मिळालं तेव्हा ती रोमलाच होती. मला त्यात तिचं काम थोडं मोठ्या आवाजाचं वाटतं, म्हणून पूर्ण दाखवू नकोस. परक्या भाषेत वाक्य कुठे तुटतं आणि तिथे ती हातांनी कसं सांधते, तेवढ्यापुरती पंधरा मिनिटं पुरेत.

मुलं रोसेलिनीशी असलेल्या तिच्या प्रेमसंबंधाबद्दल विचारतीलच. त्याच्या 1948 च्या ‘लामोरे’च्या पहिल्या भागात ती एकटी बाई, एक टेलिफोन आणि अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ आहे, ते एकपात्री करणाऱ्या मुलांना वेगळं दाखव. त्यातल्याच ‘द मिरॅकल’ या दुसऱ्या भागावरून अमेरिकेत खटला झाला आणि 1952 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. त्याआधीच, 1949 मध्ये, रोसेलिनी तिला सोडून नटी इन्ग्रिड बर्गमनकडे गेला होता. बाकीच्या गप्पांत वेळ घालवू नकोस.

शेवटचा ‘मम्मा रोमा’, 1962. दिग्दर्शक पासोलिनीला तुकड्या-तुकड्यांत चित्रण करायची सवय, शिवाय नट नसलेली माणसं आवडायची. मान्यानीला प्रसंग सलग बांधायचा असे. दोघांचं पुरतं जमलं नाही आणि ते पडद्यावर अधूनमधून जाणवतं. पण रात्रीच्या रस्त्यावरून चालण्याची दोन दृश्यं आहेत. कॅमेरा तिच्यापुढे मागे मागे सरकतो, अंधारातून माणसं येतात, बरोबर चालतात, गळतात, आणि तिचं बोलणं चालूच राहतं. दोन्ही दृश्यं लागोपाठ दाखव. पहिल्यात ती शरीरविक्रीचा धंदा सोडल्याच्या आनंदात आहे, दुसऱ्यात पुन्हा त्यातच ओढली गेली आहे. खांद्यांतला आणि पावलांतला फरक मुलांना आपोआप दिसेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी. इंग्रजीत डब केलेल्या प्रती घेऊ नकोस. तिचा आवाज गेला की निम्मी मान्यानी गेली. इटालियन आवाज आणि खाली उपशीर्षकं अशीच प्रत हवी. दिग्दर्शक रेन्वारचा, तिनेच काम केलेला ‘द गोल्डन कोच’ कधी लावलास तर तिथे मात्र इंग्रजीच घे, कारण चित्रण इंग्रजीत झालंय. ‘रोम, ओपन सिटी’ आणि ‘बेलिस्सिमा’ची चौकट जवळजवळ चौकोनी आहे. प्रोजेक्टर ती ताणून रुंद करतो, चेहरे आडवे होतात आणि तिच्या जबड्याचा ताण दिसेनासा होतो. सेटिंगमध्ये मूळ प्रमाण ठेव, दोन्ही बाजूंना काळं राहिलं तर राहू दे. टीव्हीवर लावणार असशील तर हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद कर, नाहीतर धावण्याचा प्रसंग मालिकेसारखा दिसतो. हे सगळं आदल्या रात्री तपासून घे, आणि उपशीर्षकं मागच्या रांगेतून वाचता येतात का तेही बघ.

तुझा,
श्रीधर