घाटात पिनकोड कुठून सांगायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात पुण्याहून कराडला येताना खंबाटकी घाटाच्या चढावर आमची गाडी तापली. सुट्टीचा दिवस, गाड्यांची लांबच लांब रांग, बॉनेटमधून वाफ आणि मागच्या सीटवर मधुमेही सासूबाई. विम्यासोबत जादा पैसे भरून 'रोडसाइड असिस्टन्स', म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदतीची सेवा, घेतलेली होती, म्हणून आधी तो नंबर लावला. पलीकडची मुलगी अगदी अदबीने बोलत होती, पण पहिला प्रश्न पिनकोडचा आणि दुसरा जवळच्या खुणेचा. घाटात पिनकोड कुठला सांगणार? लोकेशन पाठवायचं तर नेट नाही.

मग राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनवर फोन केला. तिथे विचारलं, "किलोमीटर दगडावर आकडा काय आहे?" यजमान कडेकडेने खाली चालत गेले, आकडा वाचून आले. त्या एका आकड्यावर गस्तीची गाडी नेमकी आमच्यापर्यंत पोहोचली.

आलेल्या मुलाने आमच्याशी बोलण्याआधी मागे अंतर ठेवून शंकू मांडले, मागच्या चाकांना दगड लावले आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या आत उभं केलं. यजमान रेडिएटरकडे वळताच म्हणाला, "दादा, टोपण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येईल." इंजिन निवल्यावर टॉर्च लावून पाहिलं, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा होज पाइप चिरलेला. सासूबाईंना "मावशी, काही खाल्लंय का?" असंही त्यानेच विचारलं. टोलवरच्या क्रेनने गाडी घाटापलीकडे वेळे गावाजवळ सुरक्षित जागी आणून ठेवली, एक रुपयाही घेतला नाही. तिथून पुढे विमा कंपनीची सपाट बेडची गाडी आली आणि आमची गाडी चढवून साताऱ्याच्या गॅरेजला घेऊन गेली. ते कामही चोख झालं. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. अशा गाडीची पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढत नेली तर गिअरबॉक्स जातो, हे त्या चालकाला सांगावं लागलं नाही.

म्हणजे माणसं आहेत, साधनं आहेत. टोल नाक्यांवरच्या रुग्णवाहिका, गस्तीच्या गाड्या आणि क्रेन यांचा खर्च आपण टोलमधून भरतोच. अडतं ते गाडी नेमकी कुठे उभी आहे हे सांगण्यापाशी. महामार्गावर दोन किलोमीटर दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असायला हवेत. घाटात ते शोधून पाहा: कुठे गवतात, कुठे मातीच्या ढिगाखाली, कुठे आकडाच पुसलेला. रात्री पावसात एकट्या बाईने ते शोधत रस्त्यावरून चालायचं का?

महामार्ग प्राधिकरणाला माझी विनंती आहे की खंबाटकीपासून सुरुवात करून प्रत्येक घाटात कठड्यावरच, हेडलाइटमध्ये चमकेल अशा रंगात, किलोमीटरचा आकडा आणि त्याखाली १०३३ मराठीत लिहावं. विमा कंपन्यांनी कॉल सेंटरला पिनकोडआधी महामार्ग, दिशा आणि किलोमीटर विचारायला शिकवावं. आणि पॉलिसी देताना एजंटांनी ही सेवा तिच्यात आहे की नाही, गाडी किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतात, हे तोंडी सांगावं. नुसत्या थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचंच नुकसान भरून देणाऱ्या, विम्यात ती नसते, हे कित्येकांना रस्त्यावर अडकल्यावरच कळतं.

पावसाळ्याआधी निदान ते आकडे तरी रंगवून घ्यावेत.

आपली,
एक वाचक, कराड