पक्या, आधी गार्लंडचा भाग ऐक

प्रिय पक्या,

फोनवर परवा अर्धवटच राहिलं म्हणून आता सविस्तर लिहितोय. मला सध्या लक्स रेडिओ थिएटरचं वेड लागलंय. 1934 ला न्यूयॉर्कात सुरू झालेला अमेरिकन रेडिओ प्रोग्राम, आधी ब्रॉडवेची नाटकं करायचे, पण खरा रंग चढला 1936 ला हॉलिवूडला गेल्यावर. दर सोमवारी रात्री एक गाजलेला पिक्चर तासाभरात बसवायचे, साबणाच्या जाहिराती धरून तासभर हां, आणि तेही लाइव्ह, समोर थिएटरात पब्लिक! साबण म्हणजे तोच लक्स, ज्याच्या जाहिरातीत आपल्या लीला चिटणीस 1941 मध्ये झळकल्या.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं लिखाण रे. पडद्यावर हिरोने नुसतं वळून बघितलं तरी भागतं, इथे त्याच जागी एखादं वाक्य, पावलांचा आवाज, दार लागल्याचा आवाज नाहीतर ऑर्केस्ट्राचे दोन सूर, आणि नट हातात कागद घेऊन माइकसमोर उभे, चुकलं तर रिटेक नाही.

'अ स्टार इज बॉर्न'चा भाग तर ऐकच. डिसेंबर 1942, ज्युडी गार्लंड आणि वॉल्टर पिजन. 1937 च्या पिक्चरमध्ये हिरॉईनचा रोल जॅनेट गेनरचा, गार्लंड पडद्यावर तो करणार थेट 1954 ला, आणि इथे ती 20 वर्षांची पोरगी आधीच तो करून मोकळी झालीय! रेडिओने तिला बारा वर्षं आधी ही संधी दिली याचं मला फार अप्रूप वाटतं.

'कॅसाब्लांका'चं उलट. लक्सवर 1944 ला ॲलन लॅड आणि हेडी लमार, पण त्याआधी 1943 ला स्क्रीन गिल्डच्या, म्हणजे फिल्म कलाकारांच्या संघटनेच्या, रेडिओ प्रोग्रामवर खुद्द पिक्चरमधलीच जोडी, बोगार्ट आणि बर्गमन, तेही फक्त अर्ध्या तासात. कथा पार आवळून टाकलीय, तरी मला तोच आवडतो, कारण बोगार्टच्या त्या घोगऱ्या आवाजाच्या जागी दुसऱ्याचा चालतच नाही. त्या प्रोग्रामला स्टार लोक मानधन घ्यायचे नाहीत, पैसा फिल्मवाल्यांच्या मदतनिधीला जायचा.

आणि हो, लक्सचा होस्ट सेसिल बी. डिमिल 1945 ला बाहेर पडला तो एका डॉलरवरून! रेडिओ कलाकारांच्या युनियनने राजकीय प्रचारासाठी तेवढी वर्गणी मागितली, त्याने तत्त्व म्हणून दिली नाही, मग रेडिओच बंद झाला त्याला.

तर आधी गार्लंड, मग बोगार्ट, हेडफोन लावून ऐक आणि कसं वाटलं ते कळव, वहिनींनाही ऐकव.

तुझा,
दिग्या