रिकाम्या घरातील चित्रे

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी परवा सुखरूप घरी पोचलो. पोचल्याचे फोनवर कळवलेच होते, परंतु जे बोलायचे होते ते फोनवर माझ्याच्याने बोलवले नाही, म्हणून हे पत्र. ओप्लोंटिसच्या त्या प्राचीन रोमन हवेलीत, तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांच्या देखत, मी तुझ्यावर आवाज चढवला, ते माझे चुकले. तू मला भिंतीवरची अंजिरांची टोपली दाखवत होतीस आणि मी तिच्या शेजारून गेलेल्या भेगेवर बोट रोखून नेपल्सजवळच्या पोत्सुओलीतल्या तुझ्या घराचा विषय काढला. ‘आप्पा, तुम्ही चित्रे बघायला आलात की भेगा?’ असे तू विचारलेस. तेव्हा मला उत्तर सुचले नाही. या पत्रात घराचा विषय काढायचा नाही, असे मी आईला कबूल केले आहे.

म्हणून चित्रांविषयीच लिहितो. तोरे अनुंत्सियाताच्या स्टेशनावरून आपण ज्या गल्लीने गेलो, तिथे बाल्कन्यांतून कपडे वाळत होते, आणि त्याच बाल्कन्यांच्या खाली, रस्त्याच्या पातळीपासून कितीतरी खोल, ते घर बसले होते. वरून उतरताना मला वाटले होते की पायव्यांखेरीज काही दिसायचे नाही. प्रत्यक्षात त्या मोठ्या दालनात शिरलो आणि भिंत कुठे संपते हेच कळेना. खांबांच्या मागे खांब, त्यांच्या मागे अपोलोची तिवई, कठड्यावर शेपूट खाली सोडून बसलेला मोर, शेजारी नाटकातला मुखवटा, आणि हे सगळे सपाट गिलाव्यावर. बांधकाम खात्यात माझी चौतीस वर्षे गेली, कित्येक मैल भिंती मी ओळंबा लावून तपासल्या, पण भिंतीने डोळ्यांना असे फसवलेले कधी पाहिले नव्हते. तू म्हणालीस की ही चित्रे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्यास काढलेली आहेत, म्हणजे इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख पडली तेव्हाच ती शंभराहून अधिक वर्षांची जुनी होती, आणि मधल्या पिढ्यांनी ती पुसून नव्या पद्धतीची काढून न घेता तशीच राखली. ही गोष्ट मला फार आवडली.

ओल्या चुन्यावर रंग लावला की वाळताना चुनाच त्याला धरून ठेवतो, हे तू समजावून सांगत होतीस, तेव्हा मला तुझे आजोबा दिसत होते. भट्टीवरून आणलेला चुना भिजवायचा, वाळूबरोबर घाणीत बैलाकडून रगडून घ्यायचा आणि बोटांवर घेऊन लोण्यासारखा लागतो का ते पाहायचे, यात त्यांचा हात धरणारा गवंडी आमच्या पंचक्रोशीत नव्हता. पाटलांच्या वाड्याला आणि देवळाला त्यांनी चुना वापरला. स्वतःचे घर बांधताना तेवढा पैसा नव्हता, म्हणून दोन हात जाडीच्या भिंती दगड आणि काळ्या मातीच्याच रचल्या आणि वर मातीचे जड माळवद घातले. त्यांची नात आज रोमन लोकांचा गिलावा सुईसारख्या हत्याराने साफ करते, भिंतीतून वर येणारे क्षार कापडाने टिपून घेते, हे त्यांना कळायला हवे होते. तू पाठीत वाकून, श्वास रोखून त्या मोराच्या पायाशी काम करत होतीस ते मी दाराआडून किती तरी वेळ पाहत होतो. तुला हाक मारली नाही.

ती हवेली रोमन सम्राट निरोची दुसरी पत्नी पोपेया हिची असावी, असे मानतात. तिथे सापडलेल्या एका मातीच्या कुंभावर तिच्या पदरच्या मुक्त गुलामाचे नाव आहे, एवढ्यावरून. पण राणीपेक्षा मला त्या काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या भिंती अधिक लक्षात राहिल्या, ज्या तू नोकरांच्या वावराच्या भागात दाखवल्यास. एकसष्ट मीटर लांब आणि सतरा मीटर रुंद हौद मालकांसाठी, आणि ज्यांनी पाणी वाहिले त्यांना पट्टे. एवढे मोठे घर, आणि त्यात मनुष्याचा एकही सांगाडा मिळाला नाही. खांब उतरवून एकीकडे ठेवलेले, दुरुस्ती चाललेली, घर रिकामे. इ.स. ६२ च्या सुमारास तिथे मोठा भूकंप झाला होता आणि सतरा वर्षांनीही त्या प्रदेशात डागडुजी संपलेली नव्हती, हे तूच सांगितलेस. उलट काही शे पावलांवरच्या दुसऱ्या वास्तूत, जिथे दारूचे बुधले साठवत, तिथे एका खोलीत पन्नासहून अधिक माणसे एकमेकांना बिलगून मेलेली सापडली, अंगावरच्या दागिन्यांसह, जवळच्या नाण्यांसह.

हे ऐकल्यापासून माझ्या मनात एकच घोळते आहे. मी कबूल केलेले मोडतो आहे, आईला सांगू नकोस. जे घर वेळेवर रिकामे होते, त्यात कोणी मेले नाही.

तू म्हणशील की व्हेसुव्हियस वेगळा आणि पोत्सुओलीखालचे काम्पी फ्लेग्रेइ हे ज्वालामुखीचे क्षेत्र वेगळे. तेही मी वाचले आहे. तिथली जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते, १९८२ ते १९८४ मध्ये ती जवळजवळ दोन मीटर वर आली आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली, आणि २००५ पासून ती पुन्हा चढते आहे. मार्च २०२५ मध्ये रात्री दीडच्या सुमारास ४.६ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि तुम्ही सगळे अंथरुणातून रस्त्यावर आलात, ते तू दुसऱ्या दिवशी हसत सांगितलेस. ‘सवय होते आप्पा,’ असे म्हणालीस. त्या शब्दावर मी तिथे भडकलो, चित्रांवर नव्हे.

कारण सवय आम्हालाही झाली होती. १९९२ साली किल्लारीच्या आसपास कित्येक महिने हादरे बसत होते. भांडी वाजायची, माळवदातून माती गळायची, लोक अंगणात झोपायचे. मग थंडी पडली, पाऊस आला, धक्के विरळ झाले आणि माणसे पुन्हा आत झोपू लागली. मी तेव्हा नोकरीमुळे लातूरला खोली घेऊन होतो. ‘आता काही होत नाही, आत झोपा, पावसात आजारी पडाल,’ असे घरच्यांना सांगणारा मीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून दमलेली गावे झोपेत असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ते झाले. तुझ्या धाकट्या आत्याचा पिवळ्या ओढणीतला फोटो तू लहानपणी नेहमी मागायचीस. भिंत आजोबांनी रचलेली होती. त्यानंतर त्यांनी थापी हातात धरली नाही.

तेव्हा ऐक. उशाशी बूट आणि विजेरी ठेवत जा. पासपोर्ट आणि कागदपत्रे एका पिशवीत दाराशी राहू दे. पलंग खिडकीखालून हलव. त्या इमारतीचा पिवळा मऊ दगड मी हाताने खरवडून पाहिला आहे, तो नखाने निघतो. नेपल्सच्या पलीकडे, पूर्वेला, एखादी खोली घेतलीस तर गाडीचा प्रवास उलट कमीच होईल, आणि भाड्यात जो फरक पडेल तो मी देईन, माझे निवृत्तिवेतन आम्हा दोघांना पुरून उरते.

पाहा, पुन्हा तेच. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, परक्या देशात परक्या भाषेत स्वतःच्या हिमतीवर उभी आहेस, आणि मी तुला अंथरूण कुठे घालायचे ते शिकवतो आहे. माफ कर. ती मुले मला ‘ताईचे आप्पा’ असे म्हणायला शिकली होती, ते ऐकून माझी छाती भरून आली होती, आणि त्यांच्यासमोरच मी तुला बोललो, हे राहून राहून लागते.

अंजिरांची टोपली मी शेवटी नीट पाहिली, तू चहा आणायला गेली होतीस तेव्हा. टोपलीची वीण आमच्याकडच्या बुरडाच्या टोपलीसारखीच आहे, एक अंजीर उकलले आहे आणि ते ज्या माणसाने काढले त्याने उकललेले अंजीर खूप वेळ हातात धरले असणार. भेग फळाला लागलेली नाही. जुनी भेग आहे, तिच्या कडा गोल झालेल्या आहेत, ती आता चालत नाही. हे मी तुला तिथेच सांगायला हवे होते.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीवरच्या भेगेचे मात्र मला नक्की कळले नाही. निघायच्या पहाटे, तू झोपेत असताना, तुझ्याच डब्यातले थोडे प्लास्टर कालवून मी त्या भेगेवर आडवी पट्टी लावली आहे आणि तिच्यावर पेन्सिलने तारीख घातली आहे. भेग चालत असेल तर पट्टी तडकते. तुला न विचारता केले, त्याबद्दल रागावू नकोस. स्टुलावर चढून एकदा बघ आणि तडकली असली तरी कळव, नसली तरी कळव.

आईने मेतकूट आणि तिळाची चटणी पाठवली आहे, आठवड्याभरात मिळेल.

तुझे
आप्पा