मोगऱ्याच्या कळ्या आणि शनिवारची सकाळ

थोनबुरी, बँकॉक
१८ ऑगस्ट

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

दर शनिवारी सकाळी मी विहाराच्या मंडपात नेमके काय करते, असे तू विचारले होतेस. आम्ही तिथे फुलांच्या माळा करतो. थाई लोक त्यांना ‘फुआंग मालाई’ म्हणतात. वीतभराहून लांब सुईला आधी थोडे व्हॅसलीन लावायचे, म्हणजे फुले न फाटता खाली सरकतात. मग मोगऱ्याच्या कळ्या सुईभोवती गोलाकार लावत एकावर एक थर चढवायचे. एक कळी कमी-जास्त झाली, तरी सगळी नक्षी वाकडी होते, म्हणून हात चालू असताना मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. मारुतीला आपण जिच्या पानांची माळ घालतो, त्या रुईची पांढरी फुलेही इथे ओवतात. त्यांना ‘डॉक राक’ म्हणतात आणि ‘राक’ म्हणजे प्रेम.

आमच्या इमारतीतील चौथ्या मजल्यावरच्या पा (इथे वडीलधाऱ्या बाईंना मावशीसारखी ही हाक मारतात) दुकान बंद केल्यापासून दिवसभर दूरदर्शन संचासमोर बसून असत. आता त्या आम्हाला शिकवतात. १२ ऑगस्टच्या मातृदिनाला मोगरा लागतो, म्हणून आदल्या दिवशी त्या पहाटे पाक क्लोंग तलात या फुलबाजारात स्वतः गेल्या आणि शेजारच्या मुलांना कळ्या पारखायला सोबत घेऊन गेल्या. त्यांचा गुडघा दुखायचा थांबलेला नाही. परंतु आपली कुणाला तरी गरज आहे, हे त्यांच्या चालण्यातही दिसते.

मला वाटते, गुण या कलेइतकाच एकत्र बसण्याचा आहे. जवळच्या बांग लुआंग कालव्याकाठी एका जुन्या लाकडी घरात बाहुल्यांचा खेळ होतो. तिथे एक बाहुली तिघे मिळून नाचवतात आणि तिघांची पावले जुळल्याखेरीज ती चालत नाही. म्हणूनच, असे उपक्रम स्पर्धा आणि बक्षिसांभोवती उभे केले की मला वाईट वाटते, कारण ज्यांचे हात थरथरतात तेच पहिले मागे सरतात.

कार्तिकी पौर्णिमेला तू इकडे येच. आपली त्रिपुरी बहुतेक वर्षी इथल्या लोय क्राथोंगच्याच, म्हणजे पाण्यात दिव्यांचे द्रोण सोडण्याच्या सणाच्याच रात्री येते. केळीच्या खोडाच्या चकतीवर पाने दुमडून द्रोण कसा करायचा, हे पा तुला शिकवणार आहेत. तसे त्यांनी आताच ठरवून टाकले आहे.

तुझी,
मृणाल