मेरियनची आई

फिलाडेल्फिया, रविवार

ती. आईस,
सा. न.

फोनवर बोलताना तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि माझं सांगणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले. परवा इथल्या ऑर्केस्ट्राला गेले होते. त्या सभागृहाला २०२४ साली मेरियन अँडरसन या गायिकेचं नाव दिलंय.

मेरियन याच शहराच्या दक्षिण भागात वाढली. जन्म १८९७चा. वडील बर्फ आणि कोळसा विकायचे, ती लहान असतानाच गेले. मग आई लोकांची धुणी धुवायची, एका मोठ्या दुकानात साफसफाईला जायची. पोरीचा आवाज खर्जातला, दाट. संगीतशाळेत नाव घालायला गेली, तर खिडकीतल्या मुलीने रांगेतल्या सगळ्यांची कामं उरकेपर्यंत तिला ताटकळत ठेवलं आणि मग सांगितलं, काळ्यांना आम्ही घेत नाही. (आपल्याकडे काळी चार, पांढरी पाच म्हणजे पेटीच्या पट्ट्या. तेवढंच असतं तर बरं होतं, पण माणसं वेगळी बसवण्यात आपणही काही कमी नाही.) शेवटी चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढून तिची शिकवणी लावली.

नाव झालं ते युरोपात. असा आवाज शंभर वर्षांत एकदा ऐकायला मिळतो, असं ऑर्केस्ट्राचे नामांकित संचालक तोस्कानिनी म्हणाले. आणि घरी परतल्यावर? १९३७ साली प्रिन्स्टनला कार्यक्रम होता, तिथल्या हॉटेलने खोली दिली नाही. आइन्स्टाइननी तिला आपल्या घरी उतरवून घेतलं. हो, तेच आइन्स्टाइन!

१९३९ची गोष्ट तर इथे जो तो सांगतो. वॉशिंग्टनमधलं कॉन्स्टिट्यूशन हॉल ज्या महिला संघटनेच्या मालकीचं होतं, तिने मेरियनला ते नाकारलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्या संघटनेचा राजीनामा दिला. मग ९ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, मेरियन लिंकनच्या स्मारकापुढे उघड्यावर गायली. थंडी होती, अंगात कोट होता आणि समोर ७५ हजार माणसं.

पण मला त्याच्या पुढचंच जास्त डाचतं. एवढं होऊनही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा रंगमंच तिला मिळाला तो थेट १९५५च्या जानेवारीत. तोवर तिथे एकही काळी गायिका मुख्य भूमिकेत उभी राहिली नव्हती. मेरियन ५७ वर्षांची होती, आवाजाची उमेद मागे पडलेली. भर बहरात मैफल द्यायची नाही आणि साठीला शाल-श्रीफळ घेऊन जायचं, त्यातलाच प्रकार.

ती टिकली ती त्या एका दिवसाच्या पुण्याईवर नव्हे. वर्षानुवर्षं गावोगाव गात राहिली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कार्यक्रम घेताना तिची अट असायची की काळ्या श्रोत्यांना नुसती मागची बाल्कनी चालणार नाही, पुढच्या रांगांपासून त्यांच्या जागा हव्यात. पुढे पुढे तर श्रोते वेगळे बसवत असतील तिथे गायलाच नकार. १९६४ साली निरोपाचा दौरा काढला आणि पहिला कार्यक्रम ठेवला तो त्याच कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. मला हे फार आवडलं. आरडाओरडा नाही, काही नाही.

आता फोनवर राहिलेलं. आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण कोणता, असं तिला विचारलं, तेव्हा तिने लिंकनच्या पायऱ्या सांगितल्या नाहीत, ऑपेराही नाही. घरी जाऊन आईला सांगितलं की आता तुला धुणी घ्यायला नकोत, तो दिवस, म्हणाली.

हे वाचून मी तुला फोन लावला होता, आई. आणि तू म्हणालीस, थांब, बाईंच्या ब्लाउजचं माप घेतेय.

मी पाठवते ते पैसे बँकेत पडून आहेत, हे मला दादाने सांगितलंय. निदान मशीनला मोटर तरी बसवून घे. पायाने मारू नकोस, गुडघा दुखतो म्हणतेस ना.

तुझी,
सुमी