नव्वद दिवस बापाच्या नावावर

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात पुण्याहून मामांचा फोन आला तेव्हा मी लेकीला खिमट भरवत होतो, त्यांनी विचारलं आज ऑफिस नाही का, म्हटलं सहा महिने रजेवर आहे, बायको कामावर जाते, तर पलीकडे एकदम शांतता आणि मग हळूच "नोकरी आहे ना रे?" त्यांना खरंच काळजी वाटली होती म्हणून राग नाही आला, पण तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

इथे स्वीडनमध्ये एका मुलामागे ४८० दिवसांची रजा आहे, ३९० दिवस पगाराच्या साधारण ८० टक्के आणि उरलेले ९० दिवस रोजचे फक्त १८० क्रोनर, पैसे सरकारी विम्यातून येतात. दोघांनी वाटून घ्यायची, पण प्रत्येकाचे ९० दिवस राखीव. बापाने घेतले नाहीत तर बुडाले, आईच्या नावावर करता येत नाहीत. सगळी गोम इथेच आहे.

कारण आपल्याकडे सर्रास म्हणतात की तिकडचे पुरुषच वेगळे. अजिबात नाही! १९७४ मध्ये स्वीडनने ही रजा आई-बाप दोघांना खुली केली, जगात पहिल्यांदा, तेव्हा बापांनी एकूण दिवसांतले जेमतेम अर्धा टक्का घेतले. लेनार्ट डालग्रेन नावाचा दांडगा वेटलिफ्टर, हातात तान्हं बाळ, अशी सरकारी पोस्टरं लागली तरी फारसा फरक पडला नाही. मग १९९५ ला एक महिना राखीव झाला, २००२ ला दुसरा, २०१६ ला तिसरा, तेव्हा कुठे बाप घरी थांबायला लागले. आजही त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपासच आहे आणि पार्ट टाइम नोकरी जास्त करून बायकाच करतात, म्हणजे इथेही सगळं झालंय असं नाही.

जानेवारीत पोरीला बाहेर न्यायचं म्हणजे आत लोकरीचे कपडे, वरून जाड ओव्हरऑल, मोजे, टोपी, बूट, आणि एवढं चढवलं की तिने शी केलेली असते, परत सगळं उतरवा. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसून बायकोला फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती, उचलला नाही. मग माझं मीच निस्तरलं. त्यानंतर दूध किती वाजता, ताप आला तर काय, हे तिला विचारायचं बंदच झालं. आधी मी स्वतःला खूप मदत करणारा नवरा समजायचो, पण सगळं लक्षात ठेवायचं काम तिचंच होतं.

पोर आजारी पडलं की घरी राहायला वेगळा भत्ता मिळतो, त्याला इथे 'वाब' म्हणतात. माझा मॅनेजरसुद्धा सकाळी एका ओळीचा मेसेज टाकतो, आज वाब. कोणी काही विचारत नाही.

आपल्याकडे २०१७ पासून आईला २६ आठवडे आहेत, चांगलंच आहे, पण केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस आणि खासगीतल्याला कायद्याने काहीच नाही, मग मुलाखतीत लग्न-मुलांचे प्रश्न फक्त मुलींनाच विचारले जाणार. आईचे आठवडे तसेच ठेवून बापाला निदान सहा आठवडे द्या, पगारी, आणि न घेतल्यास बुडणारे. या मागणीवर आपल्या पेपरने लिहावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, गोथेनबर्ग